एकही वायर दिसता कामा नये

दिग्विजय वानखडेला कॉम्प्युटरच्या आतल्या वायरी दिसल्या नव्हत्या तोवर त्याचा संसार बरा चालला होता.

वायरी आधीपासून होत्याच. पत्र्याच्या डब्यात, झाकणाआड, कोणाला काही त्रास न देता पडून होत्या. माणसाच्या पोटात आतडी असतात; ती नीट घडी घालून ठेवलेली नाहीत म्हणून कोणी पोट उघडून बसत नाही. पण दिग्विजय इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. होता. एम.एस्सी. झालेल्या माणसाला कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि उघडलेली वस्तू पूर्वीसारखी लावता येत नाही. कारण तो भाग अभ्यासक्रमात नसतो.

अकोल्याहून पुण्याला येऊन तो हिंजवडीच्या एका कंपनीत लागला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढणे हे त्याचं काम. पुण्यात हे काम लोक फुकट करतात. दिग्विजयला त्याचा पगार मिळे. तिथेच, चुका काढून उरलेल्या वेळात, इंटरनेटवर त्याने परदेशातल्या काही पोरांनी स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरांचे फोटो पाहिले. कॅबिनेटला एका बाजूने काच. आत निळा उजेड. मदरबोर्ड एखाद्या शहराच्या नकाशासारखा स्वच्छ पसरलेला, आणि वायरी? एकही नाही! साऱ्या मदरबोर्डच्या मागच्या पत्र्याआडून फिरवून आणलेल्या. दिग्विजयला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कॅन्टीनमध्ये पालकाची पातळ भाजी होती हेही एक कारण असू शकेल, पण त्याने ते विचारात घेतलं नाही.

आता घरचा कॉम्प्युटर. तो दिग्विजयने सुटे भाग आणून जुळवला होता म्हणून तो त्याला आपला म्हणे. वस्तुस्थिती अशी की तो वापरत असे त्याची बायको पूर्णिमा. अकोल्याला एका छापखान्यात ती अक्षरजुळणीचं काम शिकली होती, आणि वारज्याला आल्यावर घरबसल्या डीटीपीची कामं धरायची असं तिने ठरवलं होतं. दोन-तीन लग्नपत्रिका आणि एका पिठाच्या गिरणीची पाटी एवढ्या अनुभवावर तिला पहिलं मोठं काम मिळालं: नगरसेविका शकूताईंचा कार्य अहवाल. महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. आचारसंहिता कधीही लागेल अशी हवा होती, आणि ती लागली की अहवाल रद्दीच्या भावाचा. म्हणून सोमवारी सकाळी फाइल तयार हवी, ताई स्वतः येऊन नजर टाकणार आणि तिथून थेट प्रेसला. "हे नीट झालं तर वॉर्डातलं सगळं छपाईचं तुझ्याकडं," असं ताई म्हणाल्या होत्या. आणि नाही झालं तर काय, ते त्या म्हणाल्या नव्हत्या. नगरसेवक मंडळींना ते म्हणावं लागत नाही.

शनिवारी पूर्णिमा उरलेले फोटो आणायला ताईंच्या कार्यालयात गेली. जाताना म्हणाली, "कॉम्प्युटरला हात लावू नका."

"छे!" दिग्विजय म्हणाला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला. त्याच्या मते कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि हार्ड डिस्क. वायरी म्हणजे कॉम्प्युटर नव्हेत.

ती परतली तेव्हा दिवाणखान्यात भूकंपानंतरचं मदतकार्य चालावं असं दृश्य होतं. कॅबिनेटच्या एका झाकणाला चौकोनी भोक पडलं होतं आणि त्यात अॅक्रिलिकची काच बसली होती, थोडी तिरपी. तिरपेपणाबद्दल दिग्विजयने तिला आधीच सांगून टाकलं की डोळ्याला तो भास होतो. मोजलं तर जवळजवळ नाही. आत निळी नळी लावली होती. आणि तो स्वतः जमिनीवर बसून हार्ड डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी ती रुंद, चपटी, राखाडी पट्टी ब्लेडने उभी चिरत होता.

"हे काय?"

"पट्टी फार रुंद असते. काचेतून दिसते. तिच्या तारा सुट्या केल्या, गुंडाळी केली, वर काळी टेप लावली की बारीक दोरी होते. मागून निघून जाईल. तसंही हवा खेळायला बरं. पट्टी आडवी आली की हवेचा प्रवाह अडतो, उष्णता—"

"हवा माझ्या अहवालाला नको आहे," पूर्णिमा म्हणाली. "तुम्ही हे कधी जोडणार?"

"आज."

दिग्विजयच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की तो खरोखर जोडत होता. फक्त वायरी लपवायच्या म्हणजे त्यांना लांबून फिरवायचं, लांबून फिरवायचं म्हणजे त्या अपुऱ्या पडणार, अपुऱ्या पडल्या की जोड द्यायचे, आणि जोड जाड असतात. हार्ड डिस्कही मूळ जागी ठेवली तर तिची वायर डोकावते म्हणून त्याने ती पार खालच्या मागच्या कोपऱ्यात नेली, जिथे एरवी स्क्रू हरवतात. काचेच्या बाजूने बघाल तर खरंच फोटोतल्यासारखं दिसत होतं. मागच्या बाजूने बघाल तर वादळानंतरचा विजेचा खांब. आणि त्या सगळ्यावर झाकण बसायचं होतं. झाकण बसेना. पदार्थाला आकारमान असतं, हा नियम आठवीच्या पुस्तकात आहे, एम.एस्सी.ला तो गृहीत धरतात, त्यामुळे विस्मरण होतं. शेवटी रविवारी सकाळी कॅबिनेट आडवं घालून, प्रवासाला निघताना बॅगेवर बसतात तसं दिग्विजय त्यावर बसला आणि पूर्णिमेने दात-ओठ खाऊन स्क्रू पिळले.

पण ते नंतर. त्याआधी तो घामाघूम होऊन वायरी आवळायचे केबल टाय आणायला खाली उतरत असताना जिन्यात बद्रीनाथकाका भेटले, आणि इथे गोष्टीला खरं वळण लागलं.

बद्रीनाथकाका पारिजात हाइट्सचे सचिव. 'हाइट्स' म्हणजे तीन मजले. काका मूळचे जालन्याचे, पण पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली होती की मूळच्या पुणेकरांनाही त्यांच्याशी बोलताना आपण बाहेरगावचे वाटत असे.

"काय वानखडे, एवढा घाम?"

"काही नाही काका, केबल लपवतोय."

काका थांबले. "लपवताय?"

"हो. मागच्या बाजूने फिरवून आणतोय. बाहेरून एकही दिसता कामा नये."

"म्हणजे कोणाला कळणार नाही?"

"अजिबात नाही! तीच तर कला आहे, काका."

"अस्सं," काका म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

दिग्विजय शास्त्रीय माणूस असल्यामुळे शब्द काटेकोर वापरत असे. दुर्दैव असं की वारज्यात 'केबल' या शब्दाला एकच अर्थ होता. गच्चीगच्चीवरून लोंबत येणारी, कावळे बसणारी ती काळी वायर, जिच्यातून सासवा-सुनांच्या मालिका आणि क्रिकेट घरात शिरे. ती सूरजची. सूरज म्हणजे शकूताईंचा भाचा. पारिजात हाइट्स जिथे उभी होती तिथे त्याच्या घरची ज्वारी असायची. जमीन विकल्यावर घराण्याने जमिनीच्या वरच्या हवेत केबलचा धंदा काढला होता. आणि केबल 'लपवणे' म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक होतं: शेजाऱ्याच्या वायरीला गुपचूप फाटा मारणे.

रविवारी सकाळी जिन्यातल्या फलकावर सूचना लागली.

"आपल्या इमारतीतील एक सुशिक्षित (?) सभासद केबल लपवून वापरीत असून त्यास 'कला' असे संबोधतात. ज्यांना कलेची हौस आहे त्यांनी पेटी शिकावी. नाव जाहीर करणे सभ्यतेस धरून होणार नाही. तिसरा मजला, डावीकडचे दार. – सचिव."

दिग्विजयने ती वाचली नाही, कारण सूचना इतरांसाठी असतात असा त्याचा समज होता. ती सूरजने वाचली. सूरजने कोणाला विचारलं नाही, सवरलं नाही. गच्चीवर गेला आणि सगळ्या इमारतीची केबल खोलून खाली आला. "चोर कबूल करत नाय तोवर सगळ्यांचं बंद," त्याने जिन्यात जाहीर केलं. त्या दुपारी भारताची मॅच होती.

ज्या इमारतीत पाण्याच्या टाकीच्या बैठकीला गणसंख्येअभावी तीनदा तहकुबी झाली होती, त्या इमारतीतले यच्चयावत पुरुष टॉस होण्याआधी वानखड्यांच्या दारात जमले. पुढे बद्रीनाथकाका, त्यांच्या मागे पक्कड घेतलेला सूरज.

"या, या," दिग्विजय म्हणाला. त्याला वाटलं लोक बघायला आले. एका अर्थी आलेच होते. "चपला काढून या. तो बघा!"

टेबलावर कॅबिनेट झळकत होतं. काच तिरपी, पण आतली निळी नळी तिच्यातून छान दिसत होती. फक्त मागची बाजू जरा गरोदर दिसत होती.

"केबल कुठंय?" सूरजने विचारलं.

"आहे ना. पण दिसतेय का?" दिग्विजयने अभिमानाने विचारलं.

"आहे म्हणतोय," काका मंडळींकडे वळून म्हणाले. "तोंडावर म्हणतोय. मी आपल्याला सांगितलं नव्हतं?"

"उघडा," सूरज म्हणाला.

"नको, नको! मोठ्या मुश्किलीने बसवलंय. मागून हात लावू नका!"

चोराने यापेक्षा वेगळं काय म्हटलं असतं? सूरजने स्क्रू फिरवला. पहिला निघाला, दुसऱ्याची वेळच आली नाही. झाकण स्वतःच्या हिमतीवर उडालं आणि काकांच्या गुडघ्याला लागून पडलं. मागून काळ्या, पिवळ्या, लाल वायरी, जोड, टेप आणि एक मोजा असं सारं बाहेर आलं. मोजा आवाज दाबण्यासाठी होता, असं नंतर कळलं.

"आयला," सूरज म्हणाला. "एवढ्यात निम्म्या वारज्याची जोडणी व्हईल."

त्याने एकेक वायर पक्कडीने उचलून बघितली, मग ती खाली टाकली. "ही आपली नाय. आपली काळी आन् जाड असती."

दिग्विजय निर्दोष ठरला. पण निर्दोष माणसाने इमारतीची मॅच बुडवावी हे चोरीपेक्षा वाईट, असं सर्वांच्या चेहऱ्यावर होतं. काका गुडघा चोळत होते.

"चोरी नाही, मान्य," ते म्हणाले. "पण एक सांगा वानखडे. जे चोरीचं नाही ते माणूस लपवतो कशाला?"

"काका, ते सौंदर्याच्या दृष्टीने—"

"ह्याला बसवायचा पत्रा. काच कशाला? आमच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर पत्र्याचे होते. वायरी दिसल्या नाहीत."

"पत्र्यामुळे दिसल्या नाहीत."

"मग मी वेगळं काय म्हणतोय?"

याचं उत्तर दिग्विजयला सात-आठ दिवसांनी ऑफिसच्या बसमध्ये सुचलं. त्या क्षणी दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले की झाकायचंच असेल तर वरून विणलेलं कव्हर घालावं, त्यांच्या मिसेस करून देतात. आणखी एकाने तुळशीची कुंडी पुढे ठेवायला सांगितलं. पूर्णिमा इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली.

"एवढे लोक जमलेत तर चालू करून दाखवा," ती म्हणाली.

दिग्विजयने बटण दाबलं. पंखे फिरले. निळा उजेड थरथरून स्थिर झाला. आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली. काकांनी चष्मा वर करून ती मराठीत सर्वांना ऐकवली:

"हार्ड डिस्क सापडत नाही, म्हणतोय."

मग दिग्विजयकडे बघून म्हणाले, "तीही लपवलीत?"

सूरज गच्चीकडे पळाला, मंडळी मॅचकडे पळाली. नवराबायको उरली, आणि ती ओळ.

कार्य अहवाल हार्ड डिस्कवर होता. दुसरी प्रत काढायची होती, पण ती रविवारी, म्हणजे आज. पूर्णिमा पुण्यात आल्यापासून जपून, शुद्ध बोलत असे. कोणी 'नागपूरकडच्या का?' म्हणून विचारू नये म्हणून. पण फार राग आला की आतलं अकोला बाहेर येई.

"काहून केलं जी तुम्ही हे? काहून? चांगलं चालून राहिलं होतं ना?"

"डिस्क शाबूत आहे," दिग्विजय म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "बहुतेक पट्टी चिरताना एखादी तार कापली गेली. आपण मीटर लावून एकेक तार तपासू. पद्धतशीर. मी तक्ता आखतो."

आणि तो खरोखर पट्टी सोलायला बसला. मीटरची एक टोचणी तारेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये कपाळावर आठी. संशोधनाला सुरुवात झाल्याबरोबर त्याचा चेहरा इतका प्रसन्न झाला की पूर्णिमेला त्या चेहऱ्यावर काहीतरी मारावंसं वाटलं. जवळ फक्त काकांची विसरून राहिलेली छत्री होती. त्याऐवजी तिने कॅबिनेटमध्ये डोकं घातलं.

सीडी ड्राइव्हलाही तशीच एक पट्टी होती. ती चिरायची राहिली होती. तिने ती ओढून काढली, एक टोक मदरबोर्डला लावलं, दुसरं हार्ड डिस्ककडे नेलं. वीतभर कमी पडलं.

"हार्ड डिस्क पूर्वीच्या जागी आणा," ती म्हणाली.

दिग्विजयने मीटरवरून मान वर केली. "तिथून वायर दिसते."

काही नवऱ्यांना आपण कधी मरता मरता वाचलो ते शेवटपर्यंत कळत नाही. पूर्णिमेने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मदरबोर्ड काढला. मग हार्ड डिस्क काढली. मग वीज पुरवणारा तो चौकोनी डबा, त्याच्या सगळ्या जोड दिलेल्या, टेप लावलेल्या शेपट्यांसकट. स्वयंपाकघरातून पोळपाट आणला, पुसला, आणि त्यावर मदरबोर्ड ठेवला. बोर्ड चौकोनी, पोळपाट गोल. चारही कोपरे बाहेर आले. पट्टी आता आरामात पोचली, उलट थोडी उरली.

"अगं, बटण कॅबिनेटलाच राहिलं," दिग्विजय म्हणाला.

"मग काय करायचं असतं?"

"त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. पण त्यासाठी योग्य—"

पूर्णिमेने डोक्यातली हेअरपिन काढून टेकवली. पोळपाटावरचा पंखा भणभणला. पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, त्याच्या मधोमध तिची फाइल, आणि फाइल उघडताच हात जोडलेल्या शकूताई. पूर्णिमेने जन्मात कुठल्या पुढाऱ्याचा फोटो इतक्या भक्तीने बघितला नव्हता. तिथेच जमिनीवर मांडी घालून ती कामाला बसली.

दिग्विजयला कोणीच काही म्हणत नव्हतं, आणि हेच त्याला जास्त लागलं. त्याने मोजा उचलला. उरलेल्या वायरी गोळा केल्या. निळ्या नळीला एक जुना अडॅप्टर लावून दिला. रिकाम्या कॅबिनेटला झाकण लावून बघितलं, तर ते एका बोटाने बसलं. त्याने समोर खुर्ची ओढली. काचेतून निळा, शांत, अथांग उजेड येत होता, आणि आत एकही वायर नव्हती. परदेशातल्या पोरांच्या फोटोतही एवढी सफाई नव्हती. प्रयोग यशस्वी झाला होता. फक्त कॉम्प्युटर हा घटक त्यातून वगळावा लागला होता.

सोमवारी सकाळी शकूताई आल्या. मागे सूरज, गळ्यात माळेसारखा पेन ड्राइव्ह घालून. ताईंनी फाइलमधलं पान न् पान बघितलं, स्वतःचा फोटो दोन जागी मोठा करून घेतला, विरोधकाचं नाव एका जागी बारीक करून घेतलं, आणि म्हणाल्या, "झकास. सूरज, भरून घे त्यात आन् प्रेसला पळ." मग त्यांची नजर पोळपाटावर पडली.

"आन् ह्ये उघडंवाघडं काय म्हणायचं?"

"कॉम्प्युटर, ताई. याच्यावरच झालं तुमचं काम."

बाईमाणसाने बघू नये असं काही दिसावं तशी ताईंनी नजर वळवली. ती टेबलावर गेली आणि तिथेच थांबली.

"आन् ह्यो?"

दिग्विजय खुर्चीतून उठला. शनिवारपासून कोणी त्याला हा प्रश्न नीट विचारला नव्हता. "हा मी बनवलाय. बघा, एकही वायर दिसत नाही."

ताई वाकल्या. काचेला नाक लागेपर्यंत वाकल्या. "सूरज, ह्याला म्हणायचं कॉम्प्युटर! न्हाय तर आपल्या समाजमंदिरातलं बघ. गुरुवारी संगणक कक्षाचं उद्घाटन, पत्रिका काढायच्या, आन् कॉम्प्युटर अजून मंजुरीतच हायेत." त्या सरळ झाल्या. "ह्यो मला गुरुवारपुरता द्या."

पूर्णिमेने दिग्विजयकडे बघितलं. पुढचं वाक्य त्याचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातच्या कामाची कोणीतरी मागणी करत होतं. पण खोटं निरीक्षण नोंदवायचं नाही ही त्याच्या शिक्षणाने लावलेली एकमेव उपयोगी सवय होती.

"ताई," तो म्हणाला, "यात काही नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे आत काही नाही. रिकामा आहे. कॉम्प्युटर तो तिकडे, पोळपाटावर."

ताईंनी विचार केला. फार नाही.

"दिवा लागतोय न्हवं?"

"दिवा लागतो."

"मग झालं की! उद्घाटनाला आतलं कोण बघतंय? मागल्या साली टाकीचं उद्घाटन केलं, तवा टाकीत पाणी व्हतं व्हय? पत्रिका तूच कर गं पूर्णिमा. आन् समाजमंदिराची पाटी. आन् आभाराचे बोर्डबी, निवडून येणार हायेच म्या."

"करते ना, ताई," पूर्णिमा म्हणाली. "आणि तो गुरुवारपुरता कशाला? कायमचाच न्या."

सूरजने कॅबिनेट एका हाताने उचललं, वजन बघून त्याला हसू आलं, आणि ते काखेत मारून तो जिना उतरू लागला. दिग्विजयला राहवेना. तो अनवाणीच मागे धावला. जिन्यात बद्रीनाथकाका बाजूला सरकले, दुसऱ्या मजल्यावरची दारं उघडली, आणि सगळ्यांनी ती मिरवणूक बघितली: पुढे निळी काच काखेत घेतलेला सूरज, मागे नगरसेविका, त्यांच्या मागे हात पसरलेला एम.एस्सी.

"अहो, आडवा धरू नका!" दिग्विजय ओरडला. "सरळ धरा, सरळ!"

सूरज जीपच्या दाराशी थांबला. त्याने काखेतल्या काचेकडे बघितलं, मग दिग्विजयकडे.

"का ओ?" तो म्हणाला. "आतलं सांडंल व्हय?"